दुसरा बहर

जुलैचा मध्य आला, की ग्लेनिस छाटणीची कात्री घेऊन ऐन फुलातलं निळं जिरेनियम पार जमिनीलगत कापून टाकी. वाफा सोडून वाटेवर लोळू लागलेल्या त्या झाडांवर दुसरा इलाज नव्हता; शिवाय अशी निर्दयपणे छाटली, तरच ती सप्टेंबरात नव्याने फुलत. तिचा नवरा क्लाइव्ह दरवर्षी कळवळून म्हणे, “कसाईण आहेस अगदी!” आणि ती दरवर्षी उत्तर देई, “सप्टेंबरात बोल.”

या जुलैत ग्लेनिसचा पलंग बागेकडच्या खिडकीशी आणून ठेवला होता, आणि डॉक्टरांनी पुढच्या महिन्याविषयी बोलणं सोडून दिलं होतं. क्लाइव्हने कात्री उचललेली पाहून ती म्हणाली, “या वर्षी राहू दे रे. आहेत ती फुलं बघू दे.”

“वा! आयुष्यभर मला भित्रा म्हणालीस, आणि आता तूच कच खातेस?”

“अरे, सप्टेंबर कुणी बघितलाय?”

“तू बघणार आहेस,” तो म्हणाला, आणि तिने आणखी काही बोलण्याआधी बाहेर जाऊन त्याने सगळा वाफा एका दमात कापून काढला.

तो आत आला, तेव्हा ती क्षीणपणे हसली. “कसाई आहेस अगदी.”

सप्टेंबरात जिरेनियम तिच्या शब्दाप्रमाणे भरभरून फुललं. ती मात्र जुलै सरण्याआधीच गेली होती. आणि त्या खिडकीतून तिला अखेरचे दिसले होते, ते क्लाइव्हने तिच्यासाठी राखलेले बोडके खुंट.