कागदावरची वाटणी

रंगांच्या दुकानाची विक्री चाळीस लाखांवर चालली, म्हणजे जीएसटीची नोंदणी आलीच. ती चुकवायला भालचंद्रने शक्कल लढवली. अर्धं दुकान धाकट्या भावाच्या, सुधाकरच्या नावावर केलं.

"नुसतं कागदावर हं," त्याने बजावलं. सुधाकरने मान डोलावली.

लग्न होताच सुधाकरने दुकानाच्या मधोमध भिंत घातली.

"अरे, ती वाटणी खोटी होती!" भालचंद्र ओरडला.

"मग असं सरकारला जाऊन सांगतोस का, दादा?"



सुधाकरने लगेच नोंदणी करून घेतली. बिल्डरांना जीएसटीचं बिल हवंच होतं. ते सगळे भिंतीपलीकडे गेले. भालचंद्रकडे आता दारं-खिडक्या रंगवणारे तेवढे येतात.

"नोंदणीची धास्ती कायमची गेली ना?" बायको विचारते, आणि तो डबे पुसत राहतो.