वाघराखालची माती

माती घातलेल्या दोन्ही काचेच्या नळ्यांत सुकन्यानं सारखंच औषध टाकलं, हलवलं आणि त्या दगडावर टेकवून ठेवल्या. हिवराच्या झाडांखाली वाघर लावलेलं होतं. त्या जाळीच्या आत रोज रात्री मेंढ्या बसायच्या. तिथल्या मातीची नळी बघता बघता गर्द गुलाबी झाली. टेकाडावरच्या मातीची मात्र पाण्यासारखीच राहिली.

सासरे, धुळाजी, उकिडवे बसून बघत होते. "आपली जिंकली," ते म्हणाले. "इतक्या लेंड्या काय फुकट गेल्या व्हय?"

"मामा, हा नत्राचा रंग हाय. इथं ऊस लावायचा असता तर मीबी जिंकली म्हटलं असतं." तिनं टेकाडाकडं बोट केलं. "तिथं पवन्या हाय, मारवेल हाय, मेंढरांच्या आवडीची गवतं. त्यांला हलकीच माती मानवते. इथं नत्र लई झालं, म्हणून गाजरगवत माजलं."

हिवरांच्या बुंध्यापर्यंत पांढरी फुलं डोलत होती. मेंढ्या त्यांना तोंड लावत नव्हत्या.

"आन् असंच चढत गेलं तर?"

"तर टेकाडबी जाईल."

"मग मेंढरं इकायची," धुळाजी म्हणाले, आणि तंबाखू मळू लागले.

झोळीतला तिचा तान्हा माऊली कुरकुरला. सुकन्यानं त्याला उचललं. मानेवरचं पुरळ आज कानापर्यंत आलं होतं. तिनं पदरानं त्याच्या अंगावरचा गाजरगवताच्या फुलांचा पांढरा भुगा झटकला.

"वाघर हलवायला पाहिजे," ती म्हणाली. "पहिल्यासारखं. दोन-तीन रातींला नवी जागा."

धुळाजींनी बायकोकडं पाहिलं. साखराबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"आन् लांडगा?" ती म्हणाली. "लेकरू झाल्यापून तूच म्हणतीस, सडकंपासून हलायचं न्हाई. दवाखान्याची गाडी इथवर येती म्हणून."

टोमणा नव्हता तो. मीठ संपलंय असं सांगावं, तसं ती बोलली.

"ऱ्हाऊ दे," धुळाजी म्हणाले. "पोरगं चालू लागलं की बघू. तवर चरतेत कशीबी."

सुकन्या टेकाडाकडं बघत राहिली. पलीकडच्या उतारावरून सडक दिसत नव्हती. मागच्या उन्हाळ्यात लांडग्यानं कोकरू नेलं ते तिथूनच. मग तिनं माऊलीला सासूच्या मांडीवर दिलं, वाघराची पहिली मेख धरली आणि ओढली. मऊ मातीतून ती एका हिसक्यात निघाली.

वर टेकाडावर मुरूम होता. तिथं प्रत्येक मेख दगडानं ठोकावी लागली.

दिवस कलला तेव्हा धुळाजी माऊलीची झोळी खांद्यावर टाकून वर आले. मेंढ्या जाळीत शिरत होत्या.

"ही कुठं बांधू, सुकन्या?"

जाळीच्या आत एक बोरीचं झाड होतं. मेंढ्या त्याच्याभोवती दाटीनं बसू लागल्या होत्या.

"आत," ती म्हणाली. "मेंढ्यांच्या मधोमध."