औषधाचे सहाशे चाळीस

"बाई, तुमचं बिल मी माझ्या कार्डावर भरतो. तुम्ही तेवढे पैसे मला रोख द्याल का?" घड्याळजी म्हणाले.

औषधाच्या दुकानात पुढे उभ्या असलेल्या बाईंनी वळून पाहिलं. सत्तरी उलटलेले गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, आणि शाळेच्या पोरासारखं गळ्यात दोरीला अडकवलेलं कार्ड. फसवणारा माणूस असा दिसत नाही.

"रोख कशाला हवेत, काका?"

"थोरला भाऊ अंथरुणाला खिळलाय. एकदा येऊन जा म्हणतोय. सव्वाबाराची बस आहे."

"बसमध्ये कार्ड चालतं की."

"चालतं. पण मुलाला कळतं."

कार्ड मुलानेच करून दिलं होतं. पैसे तोच भरायचा. त्यातून रोख निघत नसे, आणि कुठेही घासलं की दुकानाचं नाव नि रक्कम त्याच्या फोनवर. मुलगा गुणी, नाव ठेवायला जागा नाही. ऑपरेशननंतर प्रवास नको, एवढंच त्याचं म्हणणं. गेले पाच महिने तेच म्हणणं. त्याच्यावर रागावता येत नव्हतं, हीच मोठी अडचण होती. मिठाई घेतली की तो विचारायचा, चहा दोनदा झाला की विचारायचा. औषधाला कधी नाही म्हणाला नव्हता. तीन दिवस डोकं खाजवून घड्याळजींनी म्हणूनच हे दुकान निवडलं होतं.

कार्ड घासलं गेलं. बाईंनी सहाशे चाळीस रुपये त्यांच्या डाव्या हातावर ठेवले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही जाऊन-येऊन पुरेल एवढी होती.

ते पायरी उतरणार तोच फोन वाजला.

"बाबा, मेडिकलमध्ये सहाशे चाळीस? तुमची औषधं तर मी परवाच आणलीत. छातीत दुखतंय का?"

"नाही रे, काही नाही."

"तुम्ही कधी सांगता का? दुकानदाराला द्या फोन."

दुकानदाराने 'हो, हो' म्हणत ऐकलं, फोन परत दिला आणि आतलं स्टूल बाहेर आणून ठेवलं. "बसा, काका. मुलगा निघालाय. तो येईपर्यंत तुम्हाला हलू द्यायचं नाही म्हणालाय."

बाई काही बोलणार होत्या. घड्याळजींनी मानेनेच नको म्हटलं. खरं कळलं असतं तर एकट्याने बाहेर पडणंही बंद झालं असतं.

समोरच्या थांब्यावर बस आली, थांबली, गेली. जन्मभर लोकांची घड्याळं वेळेवर आणणाऱ्या माणसाने मनगटाकडे पाहिलं. बस दोन मिनिटं उशिरा होती.

मुलगा धापा टाकत आला. ऑफिसचं कार्ड त्याच्याही गळ्यात तसंच लोंबत होतं. गुडघे टेकून त्याने बापाची नाडी पाहिली, कपाळाला हात लावला. मग त्याची नजर मुठीवर गेली.

"डावा हात असा का आवळलाय, बाबा? दुखतोय?"

"हो," घड्याळजी म्हणाले. "दुखतोय."