भिंतीवरची सात चित्रं

हातोडीचा आवाज थांबला तसा थिएरी दारातूनच म्हणाला, "ताई, बाबांना दिसत नाही. चित्रं टांगतेस कुणासाठी?"

"हळू बोल. ऐकू येतं त्यांना," सोलांज म्हणाली. "दवाखान्यासारख्या पांढऱ्या भिंतींत मी त्यांना ठेवणार नाही."

थिएरी खांदे उडवून निघून गेला.

खिडकीपाशी आन्सेल्म ताठ बसला होता. पॅरिसमधलं पाचव्या मजल्यावरचं घर सोडायला लावून लेकीनं त्याला इथं, शहरालगतच्या मोंत्रईला, तळमजल्यावर आणलं, त्याला वीस दिवस झाले होते. तेव्हापासून 'हो' आणि 'नको' यापलीकडे तो बोलला नव्हता. सूप रोज तसंच निवून जायचं.

चाळीस वर्षं त्यानं शिळाछापखान्यात काढली. नवनव्या धाटणीचे चित्रकार दगडावर चित्र काढत आणि आन्सेल्म प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लावून, एकेक रंग चढवत त्याचे छाप काढी. घरात मात्र एकही लावू दिला नाही. "दिवसभर तेच बघतो, घरी तरी डोळ्यांना सुट्टी हवी," म्हणायचा. सोलांजनं वर्षभर दर रविवारी जुन्या बाजारात हिंडून त्याच्या छापखान्याचा शिक्का असलेले छाप जमवले होते.

"किती लावलीस?" म्हाताऱ्यानं अचानक विचारलं.

ती दचकलीच. "सात. तुमच्या छापखान्याचीच आहेत, बाबा."

तो उठला. भिंत चाचपत आला. चौकटीची कड हाताला लागली तसा थांबला. "यात काय आहे?"

"निळी पानं. मधे एक पांढरा पक्षी. खाली रुंद काळा पट्टा."

"काळा नाही. लाल."

"काळाच आहे, बाबा. मी समोर उभी आहे."

"या चित्राला काळा दगड नव्हताच. लाल दोनदा चढवला होता. पहिला फिका पडला म्हणून चित्रकारानं माझं डोकं खाल्लं होतं."

सोलांजनं हातोडी खाली ठेवली. डोळे गेलेच होते. आता आठवणही चालली की काय? वाद कशाला घालायचा, म्हणून ती हळूच म्हणाली, "असेल, बाबा. लाल असेल."

"असेल काय? किती वाजले?"

"साडेपाच होतायत."

"नोव्हेंबरात साडेपाचला? अगं, दिवा लाव आधी. अंधारात पहिला लालच मरतो."

तिनं बटण दाबलं. पानांखाली डाळिंबी लाल पट्टा झळझळत होता. तिला हसू आलं आणि रडूही.

"लाल आहे, बाबा."

आन्सेल्म वीस दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसला. पुढच्या चौकटीकडे हात नेत म्हणाला, "चल, दुसरं सांग. आणि तो दिवा राहू दे चालू. घरात एकाला तरी दिसायला हवं."