उदकराज डॉट कॉम

"नाव सोडून द्या," बन्सीलाल वकील म्हणाले. "माहीत नव्हतं, चूक झाली, असं लिहून द्या. कंपनी दावा काढून घेईल."

हिलालभाऊंनी चहाच्या कपाला हात लावला नाही. नाव आपलंच आहे, मग सोडायचं कसं, एवढंच ते विचारत राहिले.

नाव तसं पुण्याच्या एका पंप कंपनीचं होतं. पण खानदेशात दुकानदाराला कोणी आडनावाने ओळखत नाही, तो जे विकतो तेच त्याचं आडनाव. हिलालभाऊ जळगावात उदकराज पंपाचे डीलर, म्हणून चोपड्यापासून धुळ्यापर्यंत ते 'उदकराज'. मुलीच्या लग्नपत्रिकेत 'उदकराजवाले' असं छापलं होतं. हळदीकुंकवाला बायका त्यांच्या पत्नी यशोदाबाईंना उदकराजीण म्हणत, आणि त्या ओ देत. डीलरशिप मिळण्याआधी हिलालभाऊ स्टँडजवळ पंक्चर काढायचे. तेव्हा सगळे त्यांना 'पंक्चर' म्हणत. वकिलांना न कळलेली गोष्ट ती एवढीच होती.

नवी पेठेत हनीफने इंटरनेटचं दुकान काढलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक हिलालभाऊच. आता जगात प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा पत्ता घेता येतो, असं हनीफ म्हणाला. हिलालभाऊंनी आपलं नाव सांगितलं. हनीफने मुंबईच्या मेहुण्याकडून 'उदकराज डॉट कॉम' घेऊन दिलं. पडद्यावर भाऊंचा फोटो आला, फेट्यासह. तो फोटो जगात कोणी पाहिला नाही. पाहिला तो फक्त कंपनीने.

नोटीस आली, मागोमाग जळगावच्या कोर्टात दावा आला. बन्सीलाल वकिलांनी पुण्याहून पुस्तकं मागवून वाचली आणि उतरल्या चेहऱ्याने सांगितलं, की हा कायदाही नवा आहे आणि कोर्टही त्याला नवं आहे. ट्रेडमार्क कंपनीचा. कोर्ट नाव काढून घेईल, वर नुकसानभरपाई लावेल. एक गोष्ट मात्र त्यांनी बजावली. "कंपनीचा माणूस गोड बोलून विचारेल, काय घेता? आकडा तोंडातून काढू नका. काढलात, तर नाव विकायलाच घेतलं होतं असं ठरेल आणि आपण संपलो."

"मला विकायचंच नाही," हिलालभाऊ म्हणाले.

"तेच तर अवघड आहे," वकील म्हणाले.

कंपनीने नवा माल थांबवला. गोदामात शेवटच्या गाडीचे नवे मोनोब्लॉक पंप होते, ते विकून दुकान चाललं. तेही संपले, मग भाऊ रिकाम्या दुकानात पेपर वाचत बसू लागले. लोक येत, दाव्याची चौकशी करत आणि पंप समोरच्या दुकानातून घेत. जावई दिवाळीला आले नाहीत. यशोदाबाईंनी एकदाच विचारलं, "अहो, नाव खाऊन पोट भरतं का?"

पुराव्यासाठी चोपड्याकडून झुलाल आला. केळीवाला, भाऊंचं जुनं गिऱ्हाईक. कंपनीच्या वकिलाने त्याला विचारलं, उदकराज हे कोणाचं नाव आहे?

"आमना गावमा उदकराज म्हंजे हिलालभाऊच," झुलाल म्हणाला. "बठ्ठा गाव त्यालेच वळखस. कंपनी कोन शे, माले काय माहीत?"

कोर्टात हशा पिकला. बन्सीलाल वकिलांनी डोकं धरलं. असल्या साक्षीने दावे जिंकले जात नसतात, असं त्यांनी जिन्यात सांगितलं. त्या संध्याकाळी हिलालभाऊंनी दुकानाची पाटी उतरवायला शिडी लावली आणि अर्ध्यावरून खाली आले.

आणि मग कंपनीचे करंदीकर साहेब स्वतः पुण्याहून आले. भाऊंच्या घरी भरीत-भाकरी जेवले. काय घेता, असं त्यांनी विचारलंच नाही. साक्ष वाचून कंपनीला पटलं, ते म्हणाले. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत उदकराज म्हणजे हिलालभाऊच. इंटरनेटवरचा पत्ता त्यांचा, नावही त्यांचं, कंपनीचा तिथे त्या नावाशी आजवर काही संबंध नव्हता आणि नाही. दावा तडजोडीने मिटवू. विनंती एकच, आजच कोर्टात सांगून टाकू.

"एवढी मोठी कंपनी," बन्सीलाल वकील कोर्टाच्या जिन्यात हळूच म्हणाले, "एवढ्या घाईने? दोन दिवस थांबू या."

"खरं पटायला वेळ लागतो, वकीलसाहेब. त्यांना आता पटलं," हिलालभाऊ म्हणाले. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा त्यांनी छाती पुढे काढून प्रत्येक गोष्टीला होकार दिला आणि सही केली. यशोदाबाई त्या दिवशी किती महिन्यांनी हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर चोपड्याचा ट्रॅक्टर थांबला. मागे ट्रॉलीत माणसंच माणसं. सत्काराला आले म्हणून भाऊंनी समोरून पेढे मागवले आणि फेटा नीट केला. झुलाल खाली उतरला नाही. ट्रॉलीत माणसांच्या मधोमध भाऊंनीच विकलेला एक नवा मोनोब्लॉक होता. काल झुलालच्या धाकट्या भावाने, पुनाने, मळ्यात त्याला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने तो तिथेच चिकटला. लाकडाने सोडवेपर्यंत गेला होता.

पाठोपाठ जीप आली. फौजदार सभ्य माणूस होता. त्याने पेढ्याचा पुडा बाजूला सरकवला आणि भाऊंना बसायला सांगितलं.

"साहेब, मी फक्त विकतो," हिलालभाऊ म्हणाले. "पंप कंपनीचा आहे. नाव कंपनीचं आहे."

"मी पुण्याला फोन केला होता," फौजदार म्हणाला. "गेल्या महिन्यात साताऱ्याकडे या पंपाने दोन माणसं गेली, तेव्हाच त्यांनी तो बनवणं बंद केलं. जळगाव-धुळ्यात उदकराज कोण, असं विचारलं तर ते म्हणाले, कोर्टाला विचारा."