गणनेचा पस्तिसावा अध्याय

गोळी वन्नासच्या उजव्या हाताची दोन बोटं घेऊन गेली. मठाच्या दाराबाहेर सुटलेल्या शेळीचं दावं धरायला त्याने हात बाहेर काढला होता, तेवढाच. समोर बाभळीखाली बसलेल्या बाखूमने बंदूक पुन्हा मांडीवर आडवी ठेवली.

मठाचे म्हातारे धर्मगुरू, अबूना सराबामून, काठी टेकत दारापर्यंत आले. उंबऱ्यावर रक्त सांडलं होतं.

"हात बाहेर होता, अबूना," बाखूम बसल्या जागेवरून म्हणाला. "बाहेर येईल तेवढा माझा. तुम्हीच वाचून दाखवलंत."

अबूनांनी वन्नासला आत घेतलं. वाचून दाखवलं होतं खरं.

नऊ वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्यावरून भांडण पेटलं आणि वन्नासने बाखूमच्या थोरल्या भावाच्या, लमईच्या डोक्यात फावडं घातलं. लमई पाटातच पडला. वन्नास पळत मठात शिरला. चार दिवसांत दोन्ही घराण्यांतले आणखी तिघे मेले, त्यातला एक तर लग्नाच्या कपड्यांत.

तेव्हा अबूनांनी जन्मभराचा अभ्यास बाहेर काढला. बायबलातल्या अवघड जागा सोडवण्यात त्यांची दाढी पांढरी झाली होती. त्यातल्या गणना या पुस्तकाचा पस्तिसावा अध्याय त्यांनी सगळ्यांपुढे उलगडला. मनात वैर नसताना ज्याच्या हातून माणूस मेला, त्याने आश्रयनगरात पळावं. आत त्याला कुणी हात लावायचा नाही. हद्दीबाहेर सापडला तर रक्ताचा सूड घेणाऱ्याने त्याला मारलं तरी दोष नाही. आणि मुख्य याजक मेला की त्याने खुशाल घरी जावं.

मठाला आश्रयनगर ठरवलं आणि मुख्य याजक म्हणून अबूनांनाच धरलं. दोन्हीकडचे एकोणचाळीस पुरुष, दात पडलेल्या म्हाताऱ्यापासून मिसरूड न फुटलेल्या पोरापर्यंत, एकेक करून शुभवर्तमानावर हात ठेवून हा निवाडा पाळायची शपथ घेऊन गेले. त्यानंतर गावात गोळी सुटली ती आजच. अबूनांना या निवाड्याचा अभिमान होता, आणि साधूला अभिमान शोभत नाही हेही त्यांना कळत होतं.

वन्नासच्या हाताला पट्टी बांधून होते तोच उम्म लमई आली. मेलेल्या लमईची आणि बाखूमची आई. दर शुक्रवारी ती डोक्यावर टोपली घेऊन यायची. उन्हात फुगवून भाजलेल्या भाकरी, भरलेली कबुतरं. पहिला वाटा अबूनांचा, दुसरा वन्नासचा. तिला पाहिलं की अबूनांचे डोळे भरून यायचे. असं क्षमा करणारं माणूस त्यांनी पोथ्यांतच वाचलं होतं.

"खा रे," ती वन्नासला म्हणाली. "डाव्या हाताने खा. नऊ वर्षांत हाडं मोजता येतील असा झालास."

"खातो, आई."

"मुलगी कशी आहे?"

"पुढच्या महिन्यात लग्न. मी सोडून आलो तेव्हा सहा वर्षांची होती." वन्नासने भाकर खाली ठेवली. "मला एकदा तिचा चेहरा बघायचाय, बस."

"बघशील की."

मग ती अबूनांकडे वळली. "अबूना, एक विचारू? त्याच अध्यायात म्हणे लिहिलंय, लोखंडी हत्याराने मारलं तर तो खुनीच. त्याला आश्रय नाही."

"लिहिलंय," अबूना खुलून म्हणाले. असा प्रश्न विचारणारं कुणी भेटलं की त्यांची भूक हरपायची. "पण पुढे बघ. अचानक, वैर नसताना घडलं तर निराळं. दोन्ही वचनं शेजारी ठेवून वाचायची असतात."

"फावडं लोखंडाचं होतं ना?"

"होतं. पण मनात लोखंड नव्हतं."

"तुम्ही शिकलेले," असं म्हणून तिने त्यांच्या पानात आणखी एक कबूतर वाढलं.

वाढून झाल्यावर तिने विचारलं, "आणि याजक मेला की हा का सुटतो? त्याच्या मरण्याचा काय संबंध?"

"यावर पंडितांनी डोकी फोडली आहेत. कुणी म्हणतं, याजकाचं मरण रक्ताची भरपाई करतं. मला वाटतं, देवाने नुसता वेळ दिलाय. रागसुद्धा म्हातारा होतो, उम्म लमई. तुझ्याकडे बघूनच हे सुचलं मला."

ती उठली. रिकामी टोपली उचलून निघून गेली.

सतरा दिवसांनी, सकाळच्या प्रार्थनेत, अबूना वेदीसमोर कोसळले. छातीत कळ आली आणि संपलंच. वन्नास त्यांच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. सुटका झाली म्हणून रडतोय की म्हातारा गेला म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी मृताच्या आत्म्याला निरोप द्यायची प्रार्थना झाली आणि मठाचं दार उघडलं. बाहेर दोन्ही घराणी उभी होती. वन्नासची मुलगी पुढेच होती, पण त्याने तिला ओळखलं नाही. सगळे बाखूमकडे बघत होते.

बाखूम पुढे आला. त्याने बंदुकीतली काडतुसं काढली आणि सगळ्यांना दिसतील अशी वाळूत टाकली. "शपथ ती शपथ," तो म्हणाला. "जा घरी."

वन्नासने उंबरा ओलांडला. एक पाऊल, दुसरं. गर्दीतून उम्म लमई हात पसरून पुढे आली. कुणीतरी हुंदका दिला. वन्नास तिचा हात चुंबायला वाकला.

सुरी मानेत मुठीपर्यंत गेली. तिने ती फिरवून ओढली. वन्नास गुडघ्यांवर आला आणि तिच्या पायाशी आडवा झाला. त्याच्या मुलीची किंकाळी तेवढी ऐकू आली.

"आई," बाखूमचा आवाज फाटला, "आपण शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घेतली होती."

उम्म लमईने सुरी काळ्या शालीला पुसली.

"तुम्ही घेतली होती. मला कुणी बोलावलंच नव्हतं."