चाळीस ते साठ

योगिनीने चौथ्यांदा भागाकार केला आणि उत्तर चौथ्यांदाही तेच आलं. हजारी पाच.

त्याआधीच्या दहा वर्षांत हाच आकडा अकरा होता. म्हणजे गावातल्या चाळीस ते साठ वयाच्या हजार माणसांमागे पूर्वी वर्षाला अकरा जायची, आता पाच. कुणीही पेढे वाटावेत अशी गोष्ट. योगिनीला मात्र तो आकडा नको होता.

कोपरच्या खाडीकडच्या या गावठाणात गेली दहा वर्षं दर गुरुवारी समाजमंदिरात दवाखाना भरायचा. साखर, रक्तदाब, छातीची पट्टी म्हणजे ईसीजी. योगिनी तिथली नर्स. दवाखाना चालवणारी संस्था ठाण्याची, आणि तिथल्या सलिल सरांनी महिन्यापूर्वी सरळच सांगितलं होतं.

"ताई, गुरुवारचा डॉक्टर आपल्याकडे एकच आहे. तुमच्याकडे मधल्या वयाची माणसं अजून तशीच जात असतील तर तो तिथेच राहील. कमी झाली असतील तर त्याला दिवा गावात पाठवू. तुम्हीच आकडे काढा."

यात वावगं काही नव्हतं. दिव्यातली माणसंही माणसंच. पण दहा वर्षं ज्यांच्या दंडाला पट्टा बांधला, ज्यांना मिठावरून रागावली, त्यांना सोडून जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

पालिकेचे आकडे उपयोगाचे नव्हते. प्रभागांच्या हद्दी इतक्यांदा हलल्या होत्या की जुन्याला नवं जुळेना. राहिली ती स्मशानाची वही. स्मशान गावाचं, त्यामुळे वहीही गावाची. पस्तीस वर्षं ती एकटे काळुराम म्हात्रे लिहीत होते. वय चौऱ्याहत्तर, अक्षर मोत्यासारखं, बोलणं मोजून मापून.

योगिनी बोट वयाच्या रकान्यावरून खाली नेई. वय साठीच्या पुढचं असलं की ओळ सोडून द्यायची, आतलं असलं की रेघ मारायची. जुन्या पानांवर सगळी वयं अंदाजपंचे, चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. अलीकडची कशी नेमकी होती. एकसष्ट, चौसष्ट, सदुसष्ट. आधार कार्ड आल्यापासून लोकांना आपलं वय कळायला लागलं, असं तिने अहवालात खाली लिहूनही टाकलं.

तरी मनात किडा होताच. याच वर्षी गेलेल्या तीन पेशंटांची कार्डं तिने बाजूला काढली होती. तिघेही पन्नाशीच्या आतले. पण तीन माणसांवरून गाव मोजायचं नसतं, हे तिला शिकवलेलं होतं. जवळचं माणूस गेलं की सगळं जगच चाललंय असं वाटतं.

"काका, माणसं आता खरंच जास्त जगतायत का हो?" तिने काळुरामांना विचारलं होतं.

ते लाकडं रचत होते. "वहीत तसं हाये ना?"

"हो."

"मंग झालं."

तिने अहवाल पाठवला. सलिल सरांचा फोन लगेच आला. "अभिनंदन! निम्म्याहून खाली! हे तुमच्याच हाताचं यश आहे." योगिनीला रडावं की हसावं कळेना. पुढच्या आठवड्यात टेंपो आला, टेबलं, वजनकाटा आणि पट्टीचं मशीन घेऊन दिव्याला गेला. लोकांना तिने समजावलं, "अहो, तुम्ही सुधारलात म्हणून चाललोय आम्ही." कुणी हसलं नाही.

दोन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, ती वही परत द्यायला स्मशानात गेली, तर दारातून तिरडी आत येत होती.

संदेश भोईर. रिक्षा चालवायचा. रक्तदाबाच्या गोळ्या विसरायचा आणि मग कान धरून समोर उभा राहायचा. वाटेवर त्याची आई दोन बायांच्या आधाराने बसली होती. ती रडत नव्हती, नुसती मान हलवत होती.

योगिनीला पाहून संदेशचा थोरला भाऊ मारुती जवळ आला. "ताई, गुरुवारी छातीत दुखतंय म्हणून समाजमंदिरात आलेला तो. दार बंद होतं. म्हणाला, पुढच्या टायमाला दाखवीन."

योगिनी मनातल्या मनात आकड्यांनाच धरून बसली. हजारी पाच. त्या पाचांतलाच एक हा. वाईट झालं, पण निर्णय चुकला नव्हता.

काळुरामांनी तिच्या हातातून वही घेतली, पान उघडलं, चष्मा चढवला.

"नाव?"

"संदेश भोईर."

"वय?"

"चव्वेचाळीस," मारुती म्हणाला.

काळुरामांनी मोत्यासारख्या अक्षरात नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यात तितक्याच सुबकपणे लिहिलं, ६३.

योगिनीला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नसावं. "काका, चव्वेचाळीस म्हणाले ते."

"ऐकलं मी."

"मग हे चुकलंय."

तिने मारुतीकडे पाहिलं. मारुतीने तो आकडा पाहिला होता. त्याने काळुरामांना हात जोडले आणि तो चितेकडे निघून गेला.

काळुरामांनी वही मिटली. वाटेवर बसलेल्या संदेशच्या आईकडे त्यांनी मान वळवली.

"माजा दौलत गेला तवा एक्केचाळीसचा होता. मी लिवायला बसलो तं तुळसानं, त्याच्या आयसनं, माजा हात धरला. बोलली, एवढंसं आयुष्य नको लिवू माज्या पोराचं. दहा वरसं झाली त्याला, पोरी. तवापासून ज्याची ज्याची आयस जिती हाये, त्याचं वय मी साठीच्या आत लिवलेलं नाय."